लोकरवालीचं पहिलं पुस्तक

प्रिय पूर्णिमा,

'प्रिय' हे सवयीनं लिहून गेले. आज तू मला फारशी प्रिय वगैरे नाहीस, हे आधीच सांगून टाकते. फोन का नाही केलास म्हणशील. तर बाई, फोन केला की तुझी लेक अनुश्री तो स्पीकरवर टाकते. मागे बाळ किंचाळत असतं, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, आणि तू 'हो गं, बोल गं, ऐकतेय गं' करत दुसरंच काहीतरी निस्तरत असतेस. अशात भांडता येत नाही. म्हणून ज्ञानदीपला म्हटलं, तुझ्या ऑफिसातून कोरे कागद आण जरा. तो सांवेर रोडवरून गठ्ठाच घेऊन आला आणि म्हणाला, आई, एवढ्यात तर पूरी किताब लिहून होईल. म्हटलं होऊ दे, तू गप जेव.

आधी गल्लीच्या बातम्या देते, नाहीतर म्हणशील भांडणच पाठवलं. ड्रेनेजसाठी पुन्हा रस्ता खोदलाय, त्यामुळे बडा गणपतीपर्यंत जायचं तर साडी गुडघ्याशी धरून चालावं लागतं. उदयसिंहजींनी वर आणखी एक मजला चढवला, आता माझ्या गच्चीवर चार वाजताच सावली येते, पापड वाळत नाहीत. तुझा कढीपत्ता जोरात आहे. दर रविवारी मी तुझं घर उघडते, खिडक्या उघडते, पंखे लावते, आणि अर्धा तास बसते. सहा महिन्यांसाठी पुण्याला जाते म्हणाली होतीस, अनुश्रीचं बाळंतपण झालं की येते म्हणाली होतीस. ते बाळ आता चालायला लागलं. विचारलं की तू म्हणतेस, बघू गं दिवाळीनंतर. मागच्या दिवाळीच्या आधीही हेच म्हणत होतीस.

आता फोटोवर येते. तोच तो, जो तू ग्रुपवर टाकलास. टेबलाभोवती तुझ्या सोसायटीतल्या बायका, मध्ये बाकरवडीची ताटली, आणि तुझ्या हातात हिरव्या कव्हरचं, लोकरीच्या गुंड्याचं चित्र असलेलं पुस्तक. खाली तू लिहिलंयस 'फायनली', आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आपल्या लोकरवालीचं पहिलं पुस्तक! आणि ते तुझ्या एकटीच्या हातात नाही, दुसरी बाजू त्या तुझ्या क्लबवाल्या शमिकानं धरलीय. खांद्याला खांदा लावून, लांब नखांची बोटं कव्हरवर टेकवून, जसं काही आजोळचंच आहे ते तिच्या. पूर्णिमा, सरळ लिहिते. मी जळले. जळून खाक झाले. त्या दिवशी ज्ञानदीपला दोनदा मीठ घातलेली डाळ वाढली आणि वर त्यालाच ओरडले.

फायनली म्हणे. अगं, ते फायनली आपलं होतं ना? रद्दीवाल्याच्या दुकानात वाकून वाकून कंबर कोणाची मोडली? आधी सातवं मिळालं, मग एकदम बारावं, मग चौथं, मग नववं. दूरच्या इंग्लंडातल्या एका खेड्यात लोकरीचं दुकान चालवणारी ती डॉर्कसबाई, गिऱ्हाइकाला लोकर मोजून देता देता खुनी शोधून काढणारी. पहिल्यापासून वाचायची तिची गोष्ट आपण अशी उलटीपालटी वाचली, की नवव्यात ज्या पाद्रीबाबासाठी आपण दोघी हुंदके देऊन रडलो तो चौथ्यात मजेत सायकल चालवत आला. तू तर पुस्तकच मिटलंस, म्हणालीस ह्या माणसाचं तेरावं घातलंय मी मनातल्या मनात, आता कसं वाचू! आणि नेहमी तेच, पहिलं नाही. बेकरीवालीच्या मालिकेचं नाही, मांजरवालीच्या मालिकेचं नाही, कुठल्याच मालिकेचं पहिलं पुस्तक नाही. रद्दीवाला म्हणायचा, अम्माजी, पहला कोई बेचता नहीं. खरंच आहे ते. माणूस पहिलं ठेवून घेतो आणि मधली देऊन टाकतो.

आणि लोकरवालीचं पहिलं आपल्याला नुसतं हौसेनं नको होतं. डॉर्कसबाईची ती मैत्रीण, हेस्टर, शेजारच्या हिरव्या दाराच्या घरात राहणारी, प्रत्येक पुस्तकात तिच्या सोबत असणारी. ह्या दोघी भेटल्या कशा, हे कुठल्याच पुस्तकात धड सांगितलेलं नव्हतं. 'त्या पहिल्या भानगडीपासून' एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. आपण किती तर्क लढवले त्याच्यावर. तू म्हणायचीस शाळेतल्या मैत्रिणी असतील. मी म्हणायचे नाही, एवढं भांडतात म्हणजे मोठेपणी भेटल्यात. एकदा तर चौदा एप्रिलला तू माझ्याबरोबर महूला आली होतीस, त्या गर्दीत, त्या उन्हात, सरबताच्या रांगेत उभं राहूनही आपला हाच वाद चालला होता, आणि मागची बाई म्हणाली, बहनजी, आपके घर की बात है तो घर जाके कर लो.

आपण कशा भेटलो ते तरी शमिकाला सांगितलंस का? नसशील सांगितलं. मीच आठवण करून देते. लायब्ररीतल्या रहस्यकथांच्या पहिल्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनं एकच नाव लिहून ठेवायचं, आणि ते निघायचं खुन्याचं. पुस्तक उघडलं की मजा खलास. टेलिफोन ऑफिसातून सुटले की धावतपळत लायब्ररी बंद व्हायच्या आत पोचायचे मी, आणि हातात काय यायचं, तर ते फुटलेलं रहस्य. मी बघून ठेवलं होतं की माझ्याआधी ती पुस्तकं एक गोरी, किरकोळ, शाळेतली बाई नेते. आणि त्या बाईच्या अंबाड्यात चक्क पेन्सिल खोचलेली असते! आणखी काय पुरावा हवा? भरल्या लायब्ररीत मी तुझा अंबाडा दाखवून सगळ्यांसमोर आरोप केला. तू आधी लाल झालीस, मग हसायलाच लागलीस, कारण तुला संशय माझा होता. मग आपण दोघी आठवडाभर वर्तमानपत्राआड बसून पाळत ठेवली आणि पकडलं कोणाला, तर दिनानाथजींना. पोस्टातून रिटायर झालेले, गरीब गाईसारखे दिनानाथजी. ते विसरायचे ना, कुठलं पुस्तक वाचून झालंय ते. तेच तेच घरी न्यायचे आणि सुनेची बोलणी खायचे. म्हणून वाचून झालं की खूण म्हणून खुन्याचं नाव पहिल्या पानावर. त्यांना वाटायचं, लोकांचीही सोय होते! तू त्यांना प्रेमानं समजावलंस, काका, हेच नाव शेवटच्या पानावर लिहीत चला. तेव्हा मी ठरवलं, ही बाई आपली.

तिथूनच आपली पिन आली. शेवटच्या प्रकरणाला साडीची पिन लावायची, म्हणजे कोणाला आत डोकावता येणार नाही. तू वाचायचीस, अडलेलं इंग्रजी मला मराठीत सांगायचीस, मी वाटाणे सोलायचे नाहीतर मेथी निवडायचे. पिनेपाशी आलो की थांबायचं. दुसऱ्या दिवशी चहा झाला की दोघींनी आपापलं नाव सांगायचं, खुनी कोण ते, आणि मगच पिन काढायची. नाव सांगितल्याशिवाय पिन निघणार नाही, भाऊजी गेले त्या वर्षीही हा नियम मोडला नाही. जी हरेल तिनं मक्याची कणसं किसून भुट्ट्याचा कीस करायचा. बहुतेक वेळा मीच हरायचे आणि दोन दोन दिवस तोंड फुगवून बसायचे. तू म्हणायचीस, कौसल्ये, तू हरलीस की मला बरं वाटतं, कारण मी केलेला कीस खालून लागतो आणि वरून साखरेचा होतो. ते मात्र खरं आहे. ती निळ्या मण्याची पिन आठवते का, सराफ्याच्या तोंडाशी बसतो त्या बांगडीवाल्याकडून मी तुझ्यासाठी घेतलेली? तेव्हा म्हणालीस, पुस्तकासाठी एवढी सुंदर पिन कशाला. आणि मग पुस्तकाशिवाय कुठेच लावली नाहीस.

तर तो फोटो मी दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. डॉर्कसबाईनंही एवढं निरखलं नसेल काही. बाकरवडी किती उरलीय ते दिसलं, शमिकाच्या अंगठीतला खडा दिसला, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांपाशी एक निळा ठिपका दिसला. माझी पिन. पूर्णिमा, पुस्तक वाचलंस ते मी एक वेळ गिळलं असतं. पण पिनसुद्धा दिलीस तिला? चहा झाल्यावर नावं सांगायचं पण शिकवलंस का? आणि ती हरली तर काय करते गं, मोबाइलवरून पिझ्झा मागवते?

तू फोनवर कौतुकानं सांगत होतीस तिच्या क्लबबद्दल. दर महिन्याला एका मालिकेचं पहिलं पुस्तक वाचायचं, फक्त पहिलं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या मालिकेचं पहिलं. किती नवनवीन ओळखी होतात, म्हणालीस. मला हे पटतच नाही. ओळख करून घ्यायची, चहा प्यायचा आणि चालू पडायचं, ही काय पद्धत झाली? ती बाई पुढे म्हातारी कशी होते, गुडघा कधी धरतो, कोणावर रुसते, कोण तिला सोडून जातं, ते कोण वाचणार? आपण मधली मधली वाचली, फाटकी वाचली, पण सोडून नाही दिली एकालाही. तुझ्या शमिकाला म्हणावं सातवं वाचून दाखव. ते चहा सांडलेलं, बत्तीस पानं नसलेलं. त्यातल्या हरवलेल्या पानांची गोष्ट आपण दोघींनी बनवून टाकली होती आणि मला अजून वाटतं आपलीच चांगली होती.

असो. मग मी काय केलं ते ऐक. ज्ञानदीपला म्हटलं, हे पुस्तक मलाही हवंय, आत्ताच्या आत्ता. त्यानं जेवता जेवता डाव्या हातानं मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, हो गया. दोन दिवसांत दारात हजर! इतकी वर्षं आपण धुळीत नाकं खुपसली, आणि ते असं दोन दिवसांत येणारं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगू, रडूच आलं. मग डोळे पुसले आणि ठरवलं की तुमच्या आधी वाचून संपवायचं, आणि खुन्याचं नाव त्याच ग्रुपवर टाकून द्यायचं. दिनानाथजी स्टाइल. बसा मग पिना लावत.

वाचायला मात्र घाम फुटला. तुझ्याशिवाय मी इंग्रजी पुस्तक कधी वाचलंय का? ज्ञानदीपच्या कॉलेजची जुनी डिक्शनरी काढली. एकेका पानाला माझी एक भाजी निवडून व्हायची. रविवारी तुझ्या घरी, तुझ्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायचे, कारण मनात वाचलेलं इंग्रजी मला कळतच नाही, ऐकलेलं कळतं. भिंतीपलीकडच्या पलकनं विचारलं, आजी, ट्यूशन लगा ली क्या? म्हटलं हो, टीचर सुट्टीवर आहे. अर्धं पुस्तक होईपर्यंत माझा राग बराच टिकला होता. मग हेस्टर आली.

तूही तिथपर्यंत वाचलंयस, म्हणून लिहिते. आपले दोघींचे तर्क चुकले ना? हेस्टर त्या गावात राहायला आलेलीच नव्हती. तिची मावशी वारली, ते हिरव्या दाराचं घर हिच्या नावावर झालं, आणि ते विकून टाकून दोन आठवड्यांत परत जायला ती आली होती. एक बॅग, एक छत्री. आणि डॉर्कसबाईला पहिला संशय तिचाच! भर दुकानात, सगळ्यांसमोर, छत्रीकडे बोट दाखवून आरोप करते. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि तुझ्या रिकाम्या घरात एकटी एवढी हसले, एवढी हसले, की खोकला लागला. बघितलंस का, हे कोणाला सांगणार मी? ज्ञानदीपला सांगायला गेले तर म्हणाला, हां आई, मस्त. तुझा अंबाडा आणि तिची छत्री, हे तुझ्याशिवाय कळणार कोणाला? आणि तू ते वाचलंस तेव्हा शेजारी शमिका होती. तूही हसलीस का गं? तिनं विचारलं का, काकू, काय झालं म्हणून?

शेवटच्या प्रकरणापाशी आले. घराला गिऱ्हाईक तयार आहे, कागद टेबलावर आहेत, हेस्टरची बॅग भरलेली आहे, आणि खुनी कोण ते अजून कळायचंय. मनात आलं, उलट पान, वाच नाव, टाक ग्रुपवर. हात पण गेला. पण नाही झालं माझ्याच्यानं. कपाटातून पिन आणली, साधीच, आणि लावून टाकली. आता तुझ्याकडे एक पुस्तक पिन लावलेलं, माझ्याकडे एक पिन लावलेलं. तू ती निळी पिन शमिकासाठी लावलीस, की माझ्यासाठी थांबलीयस, हे मला कळत नाही. फोटो कितीही मोठा केला तरी तेवढं दिसत नाही.

आता खरं काय ते लिहिते, कागदही संपत आले. परवा अनुश्रीचा फोन आला होता. गोड बोलली, तब्येत विचारली, आणि मग म्हणाली, मावशी, आईच्या घराची किल्ली पियुषभैयांना देऊन ठेवाल का, ते पार्टीला घर दाखवतील. पियुष म्हणजे तो चौकातला दलाल. मागे बाळाचा आवाज होता, म्हणजे तू तिथेच होतीस, आणि तू एक शब्द बोलली नाहीस. मी म्हटलं किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. धडधडीत खोटं. पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावनच्या डब्यात आहे, माझ्या हाताशी. मी ती पियुषला देणार नाही, अनुश्रीला देणार नाही, फक्त तुला देईन, आणि विकायचं असेल तर ते तू मला सांगायचंस, तुझ्या तोंडानं. हेस्टरचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. घर विकायला आलेली बाई पुढची सगळी पुस्तकं तिथेच राहिली. तुझं काय ते मला माहीत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिलं. आपला नियम आहे, शेवटच्या प्रकरणाआधी दोघींनी आपापलं सांगायचं. तर माझं सांगून टाकते. मी म्हणते तू येत नाहीस. तू पुण्यालाच राहतेस, घर विकतेस, आणि लोकरवालीचा शेवट शमिकाबरोबर वाचतेस. आता तू तुझं सांग. आणि हे बघ, भुट्टे अजून महिनाभर मिळतील, किसणी मी तुझ्याच ओट्यावर नेऊन ठेवलीय, हिंगही ताजा आणलाय. आयुष्यभर तुझ्यापुढे हरले की दोन दिवस रुसायचे मी. ह्या वेळी नाही रुसणार. ह्या वेळी मला हरायचंय गं.

तुझीच (आणि हे सवयीनं लिहिलेलं नाही),
कौसल्या